रॉदरहाइथचा 'मेफ्लॉवर' पब

लंडनच्या टेम्सकाठचे जुने पब आता केवळ पर्यटकांपुरते उरले आहेत, असे काहींचे मत आहे, पण ते मला पटत नाही. लंडनमधल्या रॉदरहाइथ भागातल्या 'मेफ्लॉवर' पबला हे नाव विसाव्या शतकात मिळाले हे खरे. परंतु १६२० साली इंग्लंडमधून स्थलांतरितांना घेऊन अमेरिकेला गेलेले 'मेफ्लॉवर' हे जहाज याच परिसरातले होते आणि त्याचा कप्तान ख्रिस्तोफर जोन्स याचे दफनही जवळच्याच सेंट मेरी चर्चच्या आवारात झाले. पबचा लाकडी सज्जा थेट नदीवर आहे, भरतीच्या वेळी त्याच्या फळ्यांखाली पाणी खेळत असते. ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेली 'टेमरेअर' ही युद्धनौका १८३८ साली रॉदरहाइथलाच मोडीत निघाली आणि तिच्या लाकडाच्या खुर्च्या त्याच चर्चमध्ये आजही जपलेल्या आहेत, म्हणून पबइतकाच वेळ चर्चलाही अवश्य द्यावा.