पीएच.डी.ची नोंदणी झाली, आता पैशाची सोय कशी करावी?

भोगावतीकाठ

नमस्कार. शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात माझी पीएच.डी.ची नोंदणी झालेली असून पहिले वर्ष संपत आले आहे. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गुऱ्हाळघरांवरील मजुरी, हंगामापूर्वी दिली जाणारी उचल आणि गुळव्या-जळव्यांचे (गूळ शिजवणारे आणि चुलाणात जळण घालणारे कामगार) कामाचे तास, असा माझा विषय आहे. माझे वय 32 आहे. सेट आणि नेट या सहायक प्राध्यापक पदासाठीच्या दोन्ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, परंतु नेटच्या गुणांवर मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. ते मानधन सत्र संपल्यानंतर कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर क्षेत्रीय काम आखता येत नाही. गुऱ्हाळे दसरा-दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळा लागला की थंडावतात, म्हणजे एक हंगाम हातचा गेला की माझे अख्खे वर्ष जाते.

जेआरएफ नसलेल्या सामाजिक शास्त्रांतील संशोधकाला कोणते मार्ग खुले आहेत, त्यासाठी तासिकांचे काम सोडावे लागते का, आणि पदवी मिळाल्यानंतरच्या दोन-चार वर्षांत नियमित पद नसताना संशोधन चालू ठेवण्याची काही सोय असते का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

करवीरचा मास्तर

मॅडम, सर्वप्रथम एक फरक मनाशी पक्का करावा, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक शोधछात्र तिथेच अडतात. घर चालवण्यासाठी लागणारा पैसा वेगळा आणि संशोधनाच्या कामासाठी लागणारा पैसा वेगळा. पहिल्या प्रकारासाठी मासिक अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) हवी. ती मोजक्यांना मिळते आणि तिच्यामागे सगळेच धावतात. दुसऱ्या प्रकारची रक्कम लहान असते, पण तिच्यासाठी अर्ज करणारे कमी असतात, आणि ती एकदा मिळाली की पुढच्या अर्जात आपल्या नावापुढे काहीतरी लिहिता येते.

पहिल्या प्रकाराबद्दल आधी लिहितो. जेआरएफचे दार आपल्यासाठी अजून बंद झालेले नाही. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) सर्वसाधारण वयोमर्यादा 30 वर्षे असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे 35 पर्यंत आपण पात्र राहता. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांसाठी होते. 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढील तीन वर्षे 42,000 रुपये असे दर लागू आहेत, शिवाय सादिल (किरकोळ) खर्च आणि वसतिगृहात राहत नसल्यास घरभाडे भत्ता मिळतो. पीएच.डी. आधीच चालू असेल तर निकालाची तारीख किंवा नोंदणीची तारीख यांपैकी जी नंतरची असेल तिथपासून अधिछात्रवृत्ती धरली जाते. म्हणजे नोंदणी आधी झाली म्हणून काही बिघडत नाही, मात्र मधला काळ परत मिळत नाही.

आपण प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून सर्वच सांगतो. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आणि आदिवासी संशोधकांसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था अशी राज्याची विभागणी आहे. सारथीचे उपकेंद्र आपल्या कोल्हापुरातच आहे, त्यामुळे त्या प्रवर्गातील मुलांना निदान चौकशीसाठी पुणे गाठावे लागत नाही. याखेरीज आई-वडिलांचे एकुलते एक अपत्य असलेल्या मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे आणि तिची वयोमर्यादा 40 वर्षांपर्यंत आहे. ती पुष्कळ मुलींना माहीतच नसते.

प्रवर्गाच्या पलीकडे आपल्या विषयाला सर्वांत जवळची संस्था म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजेच आयसीएसएसआर. तिची पूर्णकालीन डॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असून दरमहा 20,000 रुपये आणि वर्षाला 20,000 रुपये सादिल खर्च असे तिचे स्वरूप आहे. रक्कम जेआरएफच्या जवळपास निम्मी आहे हे खरे, परंतु येथे निवड मुख्यतः संशोधन आराखड्यावर होते, आणि गुऱ्हाळघरांसारखा विषय दिल्लीतल्या परीक्षकाला रोज वाचायला मिळत नाही. ही परिषद 1969 मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले सदस्य-सचिव आपल्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक होते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील तिचे पश्चिम विभागीय केंद्रही त्यांच्याच नावाच्या इमारतीत आहे. असे असूनही कोल्हापुरातून तिथे अर्ज करायला आपली मुले बिचकतात, याचे मला नवल वाटते.

आता दुसरा प्रकार. परिषदेची विभागीय केंद्रे शोधछात्रांना ग्रंथालयांतील कामासाठी छोटी अभ्यास अनुदाने देतात. पुण्याच्या गोखले संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात सहकार आणि शेती-अर्थकारणाची जुनी पाहणी-अहवालांची कपाटे आहेत. आपल्या विषयाला त्यांची गरज पडणारच. परिषदेच्या अर्थसाहाय्याने ठिकठिकाणी होणाऱ्या दहा दिवसांच्या संशोधनपद्धती कार्यशाळांनाही अवश्य जावे. तिथे आराखडा चारचौघांकडून तपासून मिळतो, आणि तसा तपासलेला आराखडा अर्जात लगेच ओळखू येतो.

सहीसाठी रांगेत

मास्तरांनी मांडलेले सर्व योग्यच आहे, परंतु पैसे मंजूर होणे आणि खात्यावर जमा होणे यांत किती अंतर असते तेही लिहायला हवे. यूजीसीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संस्थेतील कर्मचाऱ्याने दर महिन्याला पोर्टलवर आपली उपस्थिती नोंदवावी लागते आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने ती तपासून पुढे पाठवावी लागते. मी ज्या संस्थेत होतो तिथे नोंद करणाऱ्यांची बदली झाली, नव्या माणसाला लॉगिन मिळेपर्यंत कोणीच नोंद केली नाही, आणि आमच्या विभागातील सगळ्यांचे पैसे अडकून राहिले. पुढे थकबाकी मिळाली, हे मान्य करायला हवे. पण खोलीचे भाडे थकबाकीने देता येत नाही. राज्याच्या संस्थांच्या जाहिरातीही दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येतात असे नाही, आणि जागांची संख्या व निवडीची पद्धत यांवरून आंदोलने झालेली आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेली आहेत. तेव्हा आदेश हातात पडला म्हणून लगेच तासिका सोडू नयेत. पहिला हप्ता जमा होईपर्यंतची तजवीज करूनच राजीनामा द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भोगावतीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. मी इतर मागास प्रवर्गात येते. महाज्योतीची जाहिरात आली की अर्ज करीन, परंतु तासिकांविषयी अजून नीट उलगडा झालेला नाही. अधिछात्रवृत्ती घेऊन आठवड्याला चार तास शिकवले तर चालते का? आणि आयसीएसएसआरच्या अर्जासोबत खर्चाचा अंदाज कसा मांडावा, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

पन्हाळ्याची माहेरवाशीण

ताई, मी नुकतीच या सगळ्यातून बाहेर पडले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तासिकांचे उत्तर थोडक्यात आहे. मासिक अधिछात्रवृत्ती घेताना आपण पूर्णवेळ संशोधक असून अन्य कोठूनही वेतन किंवा मानधन घेत नाही, असे हमीपत्र लिहून द्यावे लागते. त्यामुळे मानधनावर शिकवणे आणि अधिछात्रवृत्ती ही दोन्ही एका वेळी चालत नाहीत, आणि पुढे ते उघड झाले तर घेतलेली रक्कम परत करावी लागते. कोणी "चालतंय की" म्हणून सांगितले तरी ऐकू नये.

कागदपत्रांत इतर मागास प्रवर्गातील मुलींची हमखास फसगत होते ती प्रमाणपत्राच्या नमुन्यावरून. राज्याच्या योजनेसाठी राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र चालते, तर नेटसारख्या केंद्रीय परीक्षेसाठी केंद्राच्या नमुन्यातील इतर मागासवर्ग प्रमाणपत्र मागितले जाते. दोन्ही आधीच काढून ठेवावीत आणि त्यांची मुदत अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरही शिल्लक आहे ना, हे पाहावे. इतर मागासवर्गासाठीची केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, तिची निवडही नेटच्या गुणांवरून होते. म्हणून महाज्योतीच्या जाहिरातीची वाट पाहताना नेटचा अर्ज सोडू नये. मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि विद्यापीठ कार्यालय अशा क्रमाने सह्या घ्याव्या लागतात, आणि या तीन टेबलांपैकी एकजण नेमका शेवटच्या आठवड्यात रजेवर असतो, हेही धरून चालावे.

आता खर्चाच्या अंदाजाविषयी. "प्रवास खर्च", "संकीर्ण खर्च" असे ढोबळ आकडे लिहिलेला तक्ता परीक्षक बाजूला ठेवतात. तुमच्या विषयात प्रत्येक आकड्याला कारण देता येते, तर ते द्यावे. उदाहरणार्थ, किती गुऱ्हाळघरे निवडणार, ती कोणत्या निकषाने, आणि प्रत्येक ठिकाणी हंगामाच्या सुरुवातीला, मध्याला आणि शेवटी अशा किती भेटी होणार, हे आधी ठरवा. काहिलीत (मोठ्या कढईत) रस चढवून आदण (एका वेळी शिजणारा रस) उतरेपर्यंतचे काम पहाटेपासून चालते. मजुरीचे तास मोजायचे तर त्या वेळेला तिथे हजर असावे लागते, आणि त्या वेळेला वाडीवस्तीपर्यंत एस.टी. नसते. म्हणून दुचाकीचे पेट्रोल किंवा जवळच्या गावात मुक्काम, यांपैकी एक खर्च अपरिहार्य आहे. हे दोन वाक्यांत लिहिले की तो आकडा उधळपट्टीचा वाटत नाही. मुलाखती ध्वनिमुद्रित करणार असाल तर त्या लिहून काढण्याचा खर्च वेगळा दाखवावा. उचलीच्या नोंदी मालकाच्या वहीत असतात आणि मजूर वेगळाच आकडा सांगतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची माहिती घेण्यासाठी दुप्पट वेळ लागतो, हेही नमूद करावे. शाहूपुरीच्या जुन्या गूळ बाजारपेठेचा इतिहास घेणार असाल तर कोल्हापूर पुरालेखागारातील संस्थानकालीन कागद मोडीत आहेत. मोडी वाचणाऱ्या जाणकाराचे मानधन अंदाजपत्रकात धरायला आमच्यापैकी बहुतेकजण विसरतात आणि मग ते स्वतःच्या खिशातून देतात.

एक गोष्ट आणखी. मिळालेल्या पैशांचा हिशेब, म्हणजे विनियोग प्रमाणपत्र, वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो. मजुराच्या घरी घेतलेल्या चहाची पावती मिळणार नाही हे सगळ्यांनाच कळते, पण पेट्रोलची, झेरॉक्सची आणि मुक्कामाची पावती तारखेसह त्याच दिवशी वहीत चिकटवावी.

पातळ थर

विज्ञान शाखेतील असल्याने मूळ प्रश्नाला थेट उत्तर देत नाही, पण पदवीनंतरच्या काळाविषयी लिहितो, कारण आमच्याकडील चित्र अलीकडे बदलले आहे. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) त्यात विलीन झाले. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती आता या प्रतिष्ठानाकडून मिळते. नव्याने प्राध्यापक झालेल्यांसाठी तीन वर्षांत 60 लाख रुपयांपर्यंतचे प्रधानमंत्री प्रारंभिक कारकीर्द अनुदान आहे, पण त्यासाठी नियमित पद लागते. तासिका तत्त्वावरील माणूस तिथे बसत नाही, आणि आपल्या भागातील तरुण संशोधकांची खरी कोंडी तीच आहे. महिला संशोधकांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण कार्यक्रमात पीएच.डी. आणि त्यानंतरच्या अशा दोन्ही टप्प्यांच्या योजना आहेत.

करवीरचा मास्तर

वरील मुद्द्याला जोडून सामाजिक शास्त्रांपुरते सांगतो. नियमित पद नसतानाही घेता येईल अशी आयसीएसएसआरची पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती आहे. तिला संलग्न संस्था लागते, म्हणून शोधप्रबंध सादर करण्याच्या आधीपासूनच एखाद्या विभागाशी किंवा संशोधन संस्थेशी बोलून ठेवावे. परदेशी अनुभव हवा असेल तर अमेरिकेतील संशोधनासाठीची फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल अधिछात्रवृत्ती सहा ते नऊ महिन्यांची असते आणि तिच्यासाठी भारतातील संस्थेत पीएच.डी.ची नोंदणी होऊन किमान एक वर्ष झालेले असावे लागते. आपण आता त्या टप्प्यावर येतच आहात. तिची पोस्ट-डॉक्टरल शाखा पदवी मिळाल्यापासून चार वर्षांपर्यंतच खुली असते. ब्रिटनमधील ग्रंथालयांत अल्पकाळ काम करायचे असल्यास चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची अनुदाने आहेत. प्रत्येक ठिकाणी तिकडच्या एखाद्या अभ्यासकाचे निमंत्रणपत्र कामी येते, आणि ते मिळवायला पत्रव्यवहारात महिने जातात.

पण हे पुढचे. तूर्त दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचे गूळ सौदे होण्यापूर्वी आपण क्षेत्रावर असायला हव्यात. मासिक अधिछात्रवृत्तीचा निर्णय तोवर होईलच असे नाही. म्हणून याच महिन्यात विभागीय केंद्राच्या अभ्यास अनुदानाची चौकशी करून ग्रंथालयाचे काम उरकून घ्यावे, नेटचा अर्ज भरावा, आणि पहिला हंगाम चार-पाच गुऱ्हाळघरांच्या प्राथमिक पाहणीपुरता मर्यादित ठेवावा. ती पाहणी तासिका सांभाळून सुट्टीच्या दिवशीही होते, आणि तिच्यातून हाती आलेली माहिती आराखड्याच्या दुसऱ्या मसुद्यात घालता येते.

भोगावतीकाठ

समजले सर. प्रमाणपत्रांसाठी सोमवारी सेतू केंद्रात जात आहे. पन्हाळ्याच्या ताईंना एक विचारायचे होते, मोडी जाणकाराचे मानधन पानावर ठरवावे की दिवसावर?

पन्हाळ्याची माहेरवाशीण

पानावर ठरवा. कागद सुवाच्य असला तर दिवसाला पुष्कळ पाने होतात, पण वाळवी लागलेल्या एका पानाला अख्खी सकाळ जाते. त्यामुळे आधी नमुन्याची पाने दाखवून त्यांनाच दर विचारावा आणि तो दर लेखी घेऊन अंदाजपत्रकाला जोडावा.