मदत हवी आहे: गाठी लिव्हरमधी अन् दुर्बीण आतड्यात? सीडीएक्स२ पॉझिटिव्ह म्हणजे काय?

नमस्कार मंडळी, आम्ही लातूरकडचे. मामाच्या लिव्हरमधी गाठी निघाल्या, सुईनं तुकडा काढून तपासायला दिला तर रिपोर्टवर आलंय सीके७ निगेटिव्ह, सीके२० पॉझिटिव्ह, सीडीएक्स२ पॉझिटिव्ह, आणि डॉक्टर म्हणायलेत आधी कोलोनोस्कोपी करा. मामी म्हणती गाठी लिव्हरमधी अन् दुर्बीण आतड्यात कशाला घालायलेत, उगं खर्च.

नेटवर वाचलं की सीडीएक्स२ हा पोटातल्या बाळाचं आतडं घडवणारा जीन आहे. मामा साठीचा माणूस, त्याच्यात हा पॉझिटिव्ह कसा काय? खानदानी कॅन्सर आहे का, पोरांच्या पण टेस्ट कराव्या लागतील का? एका ठिकाणी असंही होतं की सीडीएक्स२ असलेल्यांचं बरं राहतं, ते मामीला सांगू का? संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलला न्यायचं ठरायलंय, सोबत काय काय घ्यावं?

प्रतिसाद:
पॅथॉलॉजी लॅबमधी काम करतो, डॉक्टर नाही. दुर्बीण करूनच घ्या भाऊ. हा जीन बाळाचं आतडं घडवून झाल्यावर बंद पडत नाही, मोठेपणी पण आतड्याच्या पेशीत चालूच राहतो, आणि तिथला कॅन्सर लिव्हरला पोचला तरी बहुतेक वेळा ही खूण सोबत जाते. लिव्हरच्या स्वतःच्या पेशीत ती नसते. सीके२० अन् सीके७ ह्या पण पेशी कुठल्या ते ओळखायच्या प्रोटीनच्या खुणा; सीके२० आहे अन् सीके७ नाही, हे पण मोठ्या आतड्याकडंच जातंय. पण जठर, स्वादुपिंडाच्या काही कॅन्सरमधी पण सीडीएक्स२ दिसतो, म्हणून आत बघितल्याशिवाय ठाम बोलता येत नाही.

पॉझिटिव्ह म्हणजे काचेवरच्या तुकड्यात त्या जीननं बनवलेल्या प्रोटीननं रंग धरला एवढंच, जीन बिघडलाय असं नाही. खानदानीचा अंदाज एमएमआर (डीएनए दुरुस्त करणारी प्रोटीनं आहेत का बघायची) तपासणीवरून लागतो, आतड्याचा निघाला तर ती होणार का विचारा, रास आणि बीरॅफचं (औषध ठरवायला गाठीतले हे जीन बघतात) पण विचारा.

बरं राहतं ते २०१६ च्या अभ्यासातलं, त्यात मुख्य भर स्टेज २ च्या, म्हणजे लांब न पसरलेल्या, आतड्याच्या कॅन्सरवर होता, सीडीएक्स२ नसलेल्यांना धोका जास्त निघाला. लिव्हरपर्यंत पसरलेल्याला तो हिशोब लावू नका, अन् मामीला तर आत्ता काहीच सांगू नका.

नेताना नुसता कागद नको, लॅबकडून मेणातला ब्लॉक (काढलेला तुकडा मेणात बसवलेला असतो तो) अन् स्लाइड मागून घ्या, पुढच्या टेस्ट त्याच्यावरच होतात, नाहीतर परत सुई.

धागाकर्ता:
ब्लॉक आपल्याला देतात हेच माहीत नव्हतं, उद्याच जातो लॅबला. अजून एक, मामाला शुगर आहे, दुर्बिणीच्या आधी पोट साफ करायचं औषध असतं त्या दिवशी इन्सुलिनचं काय करायचं असतं, कुणाला अनुभव?