सरांचा निरोप: शाल-श्रीफळ नको, मैदान आखायचं आहे. मदत हवी

मातीचा_ट्रॅक (धागा सुरू करणारा)

आमच्या कॉलेजचे ॲथलेटिक्सचे सर फेब्रुवारीअखेर निवृत्त होत आहेत. त्यांच्या हाताखाली धावलेल्या बारा-पंधरा बॅचेसची मुलं-मुली एकत्र येत आहोत. हार-तुरे, भाषणं सरांना सोसत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. दोरी नीट ताणली नाही म्हणून फक्की मारलेली रेघ पायाने पुसून परत मारायला लावणारा माणूस. म्हणून ठरलं असं, की कॉलेजच्याच मातीच्या मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक आम्ही स्वतः आखायचा, त्यावर शर्यती घ्यायच्या आणि घड्याळ सरांच्या हातात द्यायचं.

प्रश्न:
१) पुस्तकातली मापं (वळणाची त्रिज्या ३६.५०, सरळ भाग ८४.३९ मीटर) जशीच्या तशी घ्यायची का? मैदान सुमारे १८० × ९५ मीटर मोकळं आहे. सहा लेन हव्यात.
२) माजी धावपटू २२ ते ५५ वयाचे आहेत. सगळ्यांना एकत्र धावता येईल अशी शर्यत कोणती?
३) सरांच्या सरावाच्या अकरा वह्या आहेत. त्या स्कॅन करून बांधून द्यायच्या आहेत. त्यातल्या काही खुणा लागत नाहीत, उदा. "८×४०० (७२) २०० जॉ. ना. १२०".
४) वर्गणीतून उरलेल्या पैशांचं काय करावं?

---

फीत_आणि_खुंटी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मातीच्या मैदानावर सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

३६.५० ही त्रिज्या आतल्या कडेला उंच कठडा असलेल्या ट्रॅकसाठी आहे. बालेवाडीसारख्या सिंथेटिक ट्रॅकला ५ ते ६.५ सेंमी उंचीची कड असते. तिला पाय लागू नये म्हणून धावपटू थोडा बाहेरून पळतो, म्हणून पहिल्या लेनचं अंतर कडेपासून ३० सेंमीवर मोजतात. नुसती फक्कीची रेघ असेल तर ते २० सेंमीवर मोजायचं. पुस्तकातली मापं घेऊन फक्की मारली, तर एक फेरी ४०० ऐवजी ३९९.३७ मीटरची होते. ५००० मीटरला साडेबारा फेऱ्यांत जवळजवळ ८ मीटर कमी. सर ते घड्याळावरूनच ओळखतील.

उपाय सोपा आहे. सरळ भाग ८४.३९ च ठेवा, त्रिज्या ३६.६० करा. ही त्रिज्या आतल्या रेघेच्या *बाहेरच्या* कडेपर्यंतची. रेघ ५ सेंमी रुंद, म्हणजे रेघेची आतली कड ३६.५५ वर येईल.

आखणीचा क्रम:

मैदानाच्या मधोमध लांबीची एक दोरी ताणा. तिच्यावर ८४.३९ मीटर अंतराने दोन लोखंडी खुंट्या ठोका, ही अर्धवर्तुळांची केंद्रं. हलल्या तर सगळं हललं, तेव्हा निदान दीड फूट आत गेल्या पाहिजेत. प्रत्येक केंद्रातून ३०-४०-५० मीटरच्या त्रिकोणाने काटकोन काढा (३-४-५ चा त्रिकोण मातीवर फार लहान पडतो, चूक दिसत नाही). दोन्ही बाजूंना ३६.६० मोजून चार कोपरे मिळतील. आता कर्ण मोजा: दोन्ही १११.७१ मीटर यायला हवेत. दोघांत २-३ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका, काटकोन परत काढा. मग केंद्राच्या खुंटीला फीत अडकवून अर्धवर्तुळ फिरवा.

फीत स्टीलची हवी. कापडी किंवा फायबरची फीत ओढ लागली की ताणली जाते, आणि दोन माणसांची ओढ कधी सारखी नसते. स्टीलही उन्हाने वाढतं, पण २० अंशांवरून ४० ला गेलं तर १०० मीटरला जेमतेम २.३ सेंमी. तरी सकाळी लवकर मोजा.

लेनची रुंदी १.२२ मीटर, त्यात उजवीकडची रेघ धरून. सहा लेनसह मैदान सुमारे १७२.२५ × ८७.८५ मीटर लागेल. तुमच्याकडे बसतं.

---

लेन_दोन

वरच्या प्रतिसादात एक भर. त्रिज्या बदलली की ४०० मीटरचे स्टॅगरही (बाहेरच्या लेनवाल्यांना सुरुवातीला किती मीटर पुढे उभं करायचं ते) बदलतात, हे बहुतेक जण विसरतात. छापील तक्त्यात दुसऱ्या लेनला ७.०४, तिसरीला १४.७० असं असतं. ते पहिली लेन ३० सेंमीवर आणि बाकीच्या २० सेंमीवर मोजल्यामुळे. तुमच्याकडे सगळ्याच लेन २० वर मोजल्या जाणार, म्हणून प्रत्येक लेनला सारखीच वाढ: ७.६७, १५.३३, २३.००, ३०.६६, ३८.३३. छापील आकडे वापरलेत तर दुसऱ्यापासून सहाव्या लेनपर्यंत प्रत्येक जण ६३ सेंमी जास्त पळेल, आणि पहिल्या लेनवाला फुकटात पुढे.

---

उन्हाळी_सराव

फक्कीबद्दल. हार्डवेअरच्या दुकानात "चुना" मागितला की बऱ्याचदा विरवलेल्या चुन्याची पूड देतात. घाम आलेल्या किंवा खरचटलेल्या कातडीला ती भाजते आणि डोळ्यात गेली तर दवाखाना. चुनखडीची पांढरी भुकटी मागा, तिने भाजत नाही. किती लागेल हे मातीवर अवलंबून आहे: एका गोणीतून शंभर मीटर मारून बघा आणि हिशेब करा. सात रेघा मिळून जवळपास ३ किलोमीटर होतात, तेव्हा अंदाजाने आणू नका.

आदल्या संध्याकाळी मैदानावर हलकं पाणी मारा, रेघा सकाळी मारा. ओल्या मातीवर फक्की ढेकळासारखी बसते, कोरड्या धुळीवर पहिल्या शर्यतीतच उडून जाते.

---

मातीचा_ट्रॅक

दंडवत. ७.६७ वर कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं, आम्ही तक्ता छापून ठेवला होता. शर्यतीचं कोणी सांगाल?

---

घड्याळ_तीन

२२ ते ५५ वयाच्या लोकांना ४×४०० रिले देऊ नका. दहा-वीस वर्षं न पळलेला माणूस बॅटन हातात आली की कॉलेजच्या वेगाने सुटतो आणि शेवटच्या शंभरात मांडीचा मागचा स्नायू धरून बसतो.

३००० मीटरची हँडिकॅप शर्यत घ्या. प्रत्येकाकडून अलीकडची खरी वेळ मागवा (जुनी नको, या महिन्यातली). सगळ्यात हळू धावणाऱ्याला १६:०० लागत असतील तर तो शून्यावर सुटेल, १३:३० वाला अडीच मिनिटांनी, ११:०० वाला पाच मिनिटांनी. आकडे खरे असतील तर सगळे शेवटच्या फेरीत एकाच वेळी शेवटच्या रेघेवर येतात. सर तिथेच उभे असतील. वेळ फुगवून सांगणाऱ्यांसाठी नियम: सांगितलेल्यापेक्षा ३० सेकंदांहून जास्त लवकर आला तर बक्षीस नाही.

तरुणांसाठी वेगळी ५००० ठेवा. साडेबारा फेऱ्या, म्हणजे सुरुवात २०० मीटरच्या रेघेवर. ती रेघ सरळ नको, वक्र हवी, नाहीतर बाहेर उभा राहणारा जास्त पळतो. आतल्या रेघेच्या बाहेर २० सेंमीवर पुढच्या वळणात मीटरभर अंतराने खुंट्या ठोका, फीत त्यांना टेकवून सुरुवातीच्या बिंदूपर्यंत आणा. मग टोक ताणलेलं ठेवून बाहेर न्या, फीत एकेका खुंटीवरून सुटत जाईल. टोक जिथून जाईल तीच रेघ.

फेऱ्या मोजायला एका माणसाकडे चारपेक्षा जास्त धावपटू नकोत. शेवटच्या फेरीला घंटा.

वेळ घेताना सरांसोबत आणखी दोन घड्याळं ठेवा. तिघांपैकी दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी असतील तर मधली. दोनच घड्याळं चालली आणि जुळली नाहीत तर जास्तीची. पिस्तुलाच्या धुरावर घड्याळ दाबायचं, आवाजावर नाही. १०० मीटरवरून आवाज यायला साधारण ०.२९ सेकंद लागतात. लाकडी फटका वापरणार असाल तर फळ्या मिटताना दिसल्या पाहिजेत, म्हणून सुरुवात करणाऱ्याने हात डोक्याच्या वर धरावा.

---

जुनी_वही

तुम्ही दिलेली ओळ अशी वाचा: ४०० मीटर आठ वेळा, प्रत्येक ७२ सेकंदांत, मध्ये २०० मीटर सावकाश जॉगिंग, आणि *नाडी* १२० वर आली की पुढची. नाडी मोजण्याची रीत: १० सेकंदांत २० ठोके. ही पद्धत जर्मनीत १९३० च्या दशकात प्रशिक्षक गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ राइंडेल यांनी बसवली. गेर्शलर यांचा धावपटू रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये ८०० मीटर १:४६.६ मध्ये धावला. दीड मिनिटात नाडी १२० वर आली नाही तर त्या दिवसाचा सराव थांबवायचा, हा त्यातला मुख्य नियम. वहीत एखाद्या दिवशी "८" खोडून "५" केलेला दिसला तर बहुधा हेच कारण. त्या खाडाखोडी स्कॅनमध्ये 'स्वच्छ' करू नका, वहीचं मोल त्यांच्यातच आहे.

७२ चा अर्थही सरळ आहे: साडेबारा फेऱ्या ७२ ने म्हणजे ५००० मीटर बरोबर १५:०० मिनिटांत.

सुरुवातीच्या पानांवर ४०० ऐवजी "४४०" दिसलं तर ते यार्ड. ४४० यार्ड म्हणजे ४०२.३४ मीटर. तिथले ७२ सेकंद म्हणजे ४०० चे ७१.६. जड दिवसानंतर हलका दिवस असा क्रम आढळला तर तो अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांच्या पद्धतीचा ठसा. त्यांचे विद्यार्थी धावपटू गुरूचं ऋण आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्यातल्याच फिल नाइटने १९६४ मध्ये बॉवरमन यांच्यासोबत प्रत्येकी ५०० डॉलर घालून बुटांचा धंदा काढला, पुढे त्याची नाइकी झाली. तुमच्या सरांना मात्र वहीच द्या.

स्कॅनिंग: पेन्सिलीची पानं ४०० ते ६०० डीपीआय, रंगीत. काळं-पांढरं केलं की फिकी पेन्सिल नाहीशी होते. गंजलेल्या टाचण्या आधी हळूच काढा, पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घाला, मगच सुटी करा. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको. टेप पिवळी पडून कागद खाते, लॅमिनेशन परत उलगडता येत नाही. मूळ वह्या न शिवता खोक्यात ठेवा, बांधणी प्रतींची करा.

आणि एक. त्या वह्यांत मुलींची-मुलांची वजनं, दुखापती, कदाचित पाळीच्या तारखाही असतील. सरांची प्रत पूर्ण द्या, पण सगळ्यांना वाटायच्या प्रतीत ते रकाने झाका.

---

खजिनदार_काका

उरलेल्या पैशांचं: रोख बक्षीस एकदाच देऊ नका, ठेव करा. एक लाख रुपये ६.५ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ६,५०० व्याज. त्यातले ५,००० दरवर्षी ५००० मीटरच्या मुलाला आणि मुलीला मिळून, उरलेलं मुद्दलात. धनादेश कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या नावाने, प्राचार्यांच्या नावाने नाही. देणगीपत्रात चार गोष्टी लिहून घ्या: बक्षिसाचं नाव, निवड कोण करणार, शर्यत झाली नाही त्या वर्षी व्याजाचं काय, आणि हिशेब दरवर्षी कोणाला दाखवायचा. तिसरं कलम नसेल तर दोन-तीन वर्षांत बक्षीस बंद पडतं.

---

मातीचा_ट्रॅक

पाळीच्या तारखांचं खरंच लक्षात आलं नव्हतं, दोन वह्यांत आहेत. झाकतो. शेवटचं: आतल्या रेघेवर कोणी पाय दिला तर? कठडा नाही, मग कळणार कसं?

---

फीत_आणि_खुंटी

वळणावर रेघेवर दर चार मीटरला छोटे शंकू किंवा झेंड्या लावा. झेंडी जमिनीशी साठ अंशांचा कोन करून मैदानाच्या आत झुकलेली हवी. सरळ भागात दहा मीटरला एक पुरे. एकदा शंकू लावले की अंतर तरीही २० सेंमीवरच धरायचं. शंकू आहेत म्हणून परत ३६.५० करू नका.