ग्राइंडिंगच्या कणामुळे बुबुळावर फूल: पीटीके की लेन्स?

ऐरोली_ऑप्टोम:
मंडळी, दुकानात आलेला पेशंट. वय 34, रबाळे एमआयडीसीत ग्राइंडरवर काम. 14 महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला, जखम चिघळली, आता बाहुलीसमोरच फूल (पांढरा डाग) आहे. चष्म्याने 6/24 (नॉर्मल 6/6), पिनहोलने, म्हणजे बारीक छिद्रातून, 6/12. ओसीटी स्कॅनमध्ये डाग वरून 90 मायक्रॉन खोल, तिथली बुबुळाची जाडी 505. पीटीके, म्हणजे बुबुळाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) वरचा थर उतरवणारं लेसर सुचवलंय आणि गडी 'चष्मा जाणार' म्हणून खूश. पाठवू का?

कॉर्निया_कट्टा:
चष्म्याचं खूळ आधी काढा. पीटीके नंबर घालवायला नसतं. मधोमध थर उतरला की बुबुळ चपटं होतं, नंबर प्लसकडे सरकतो. मायनसवाल्याला फायदा, बाकीच्यांना डोकेदुखी.
90 उतरवले तरी 415 उरतात, जाडीची भीती नाही. पण पिनहोलने 6/12 म्हणजे पांढरेपणापेक्षा खडबडीतपणा नडतोय. आरजीपी (कडक कॉन्टॅक्ट) लेन्स घालून वाचायला लावा, खडबडीतपणा झाकून किती दिसतं ते कळेल.

ओटी_ठाणे:
सहमत. आणि सगळा डाग खरवडायचा नसतो, पृष्ठभाग सपाट झाला की थांबायचं. 193 नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर एका पल्सला साधारण पाव मायक्रॉन उडवतो. नुसता मारत राहिलात तर वरचे खड्डे-उंचवटे तसेच खाली उतरतात, शिवाय डाग आणि शेजारचा टिश्यू एका वेगाने उडत नाही. म्हणून मिथाइलसेल्युलोज या चिकट द्रवाचा थेंब: खड्डे भरतात, उंचवटे उघडे राहतात. फार घट्ट झाला तर सगळंच झाकतो, पातळ झाला तर ओघळतो. खड्ड्यांवर एपिथेलियम (बुबुळाची सगळ्यात वरची कातडी) आधीच गुळगुळीत बसलं असेल तर ते न काढता त्याच्यातूनच लेसर.
मग 0.02 टक्के मायटोमायसिन स्पंजवर, 30 सेकंद ते 2 मिनिटं, आणि भरपूर धुणं. नाहीतर नवीन हेझ (धूसरपणा) येतो. बँडेज लेन्स (जखम झाकणारी) 4-5 दिवस. पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच ठणकतो. तेव्हा बधिर करणारे थेंब घरी मुळीच देऊ नका, जखम भरत नाही.

सानपाडा_ओपीडी:
एक राहिलं. फूल नागिणीच्या जातीच्या विषाणूचं तर नाही ना? कापसाच्या टोकाने दोन्ही बुबुळांची संवेदना ताडून बघा, बधिर करणारे थेंब घालायच्या आधी. तो विषाणू, म्हणजे हर्पिस, असेल तर त्या डोळ्याची संवेदना कमी लागते, आणि लेसरने तो पुन्हा उठतो. डोळा किमान सहा महिने शांत हवा, सोबत विषाणूविरोधी असायक्लोव्हिर 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा.
स्टिरॉइडचे थेंब हळूहळू कमी करतात, काही महिने चालतात. तोवर डोळ्याचं प्रेशर मोजत राहायचं. उन्हात गॉगल सक्तीचा.

ऐरोली_ऑप्टोम:
संवेदना दोन्हीकडे सारखी. आरजीपीने 6/9, नंबर -2. पण मशीनवरच्या धुळीत लेन्स घालणार कशी?

कॉर्निया_कट्टा:
मग पीटीकेच बघा, -2 वाल्याला प्लसकडे सरकणं पथ्यावरच पडेल. पण मशीनवर परतताना बाजूंनी बंद असलेला गॉगल हवाच.