मदत हवी आहे: मेलानोमासाठी डेंड्रिटिक सेल लस कोणी घेतली आहे का?

नमस्कार मंडळी,

अण्णांच्या (वय ६८, शेती) डाव्या टाचेवर दीड वर्षापूर्वी काळा डाग उठला. कुरूप समजून आम्ही मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावत बसलो, अण्णा वरची कातडी ब्लेडने तासत राहिले. जखम ओली राहायला लागली तेव्हा बायोप्सी झाली. अ‍ॅक्रल मेलानोमा, म्हणजे तळहात-तळपायावर होणारा त्वचेचा कॅन्सर. आता जांघेत गाठी, पेट स्कॅनमध्ये फुफ्फुसात तीन ठिपके. चौथी स्टेज. बीआरएएफ निगेटिव्ह, म्हणजे गाठीत त्या जनुकाचा बदल नाही, त्यामुळे त्यावरच्या गोळ्याही नाहीत.

डॉक्टरांनी निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपीची इंजेक्शनं) सुचवलंय. आकडा ऐकून घरात कोणी बोलेना. तेवढ्यात भावाने एक खासगी सेंटर शोधलं. रक्त मशीनमधून फिरवून पांढऱ्या पेशी काढतात, त्यातल्या मोनोसाइट्सपासून आठवडाभरात डेंड्रिटिक पेशी तयार करतात, त्यांना अण्णांच्याच गाठीचा अर्क देतात आणि परत टोचतात. मग या डेंड्रिटिक पेशी टी-पेशींना (शरीरातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) कॅन्सरची ओळख पटवून देतात. ऐकायला पटतं. त्रासही बहुतेक ताप-अंगदुखीपुरताच.

पण वाचत गेलो तसा धीर सुटला. २००६ साली मेलानोमावरच्या डेंड्रिटिक लसीची जर्मन डॉक्टरांची एक ट्रायल प्रसिद्ध झाली, १०८ रुग्णांची. लसीने गाठी आकसल्या ३.८ टक्के लोकांच्या, जुन्या डकार्बाझिन केमोने ५.५ टक्के लोकांच्या. सेंटरवाले अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झालेल्या सिपुल्युसेल-टी या अशाच प्रकारच्या लसीचं नाव घेतात, पण ती प्रोस्टेटसाठी आहे आणि फायदा चारेक महिन्यांचा. माहितीपत्रकावर डेंड्रिटिक पेशी शोधणारे राल्फ स्टाइनमन यांचं नोबेलही छापलंय. (त्यांनी स्वतःच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर अशा लसी घेऊन पाहिल्या होत्या. निदानानंतर साडेचार वर्षं काढली, पण बाकीचे उपचारही चालू होते, आणि २०११ चं नोबेल जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी ते गेले. हे पत्रकात नाही.)

विचारायचं ते असं. मेलानोमासाठी ही लस इथे कोणी घेतली आहे का, आणि तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये काय दिसलं? आमच्याकडे गाठीचा फक्त पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) आहे, त्यातून अर्क निघतो का? सेंटरवाले ‘बघू’ म्हणतात, तिथेच मला खटकलं. टाटाच्या डॉक्टरांनी कमी डोसच्या निवोलुमॅबचा (२० मिग्रॅ, दर तीन आठवड्यांनी) अभ्यास केलाय, पण तो डोक्या-मानेच्या कॅन्सरचा. मेलानोमात कोणाला तसा डोस दिलाय का? कंपनीच्या मदत योजनेतून इंजेक्शन मिळालं असेल तर कागद कोणते लागले, तेही सांगा.

कृपया गोमूत्र आणि काढे नकोत, ते मामांकडून रोज येतात.

शुक्रवारी सेंटरला अर्धे पैसे भरायचेत. अण्णा म्हणतात, “माझ्याच रक्ताचं औषध हाय, त्याला काय भ्यायचं?” त्यांना काय सांगू?