ल्यूक असा वागेल का? वागेलच!

'स्टार वॉर्स'च्या 'द लास्ट जेडाय'मधला ल्यूक स्कायवॉकर अनेकांना पटत नाही. 'ज्याने खलनायक डार्थ व्हेडरमधला बाप शोधून काढला, तो झोपलेल्या भाच्यावर तलवार उपसेल का?' हा त्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'चा शेवट पुन्हा बघा. व्हेडर बहिणीचं नाव काढायचा अवकाश, ल्यूकचा तोल सुटतो. बापाला कठड्यापर्यंत रेटत नेतो, सपासप वार करतो, हात छाटतो. मग त्या तुटक्या मनगटातल्या वायरी दिसतात, नजर स्वतःच्या काळ्या हातमोज्याकडे जाते (आतला हात त्याचाही यांत्रिकच) आणि तेव्हा कुठे गडी भानावर येतो. आपल्या माणसांवर बेतलं की आधी भडकायचं, मग सावरायचं, हा त्याचा स्वभावच. २०१७ च्या 'द लास्ट जेडाय'मध्येही तेच होतं, फक्त तो सावरेपर्यंत भाच्याचे, म्हणजे बेनचे डोळे उघडलेले असतात.

ल्यूकने बेटावर दडी मारण्याचं खापर दिग्दर्शक रायन जॉन्सनवर फोडणं तर अन्यायच. ल्यूक गायब झालाय हे आधीच्याच, २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'ने ठरवून टाकलं होतं. त्यामागे पटेल असं कारण शोधायचं काम जॉन्सनच्या गळ्यात पडलं. (ल्यूकचे गुरू ओबी-वान आणि योडाही लपूनच बसले होते की, त्यांना कुणी भित्रं म्हणत नाही!)

माझी तक्रार वेगळी आहे. ल्यूकला शोधत आलेल्या रे या तरुणीने एवढ्या आशेने पुढे केलेली तलवार तो खांद्यावरून मागे भिरकावतो, तो विनोद. त्याने ती नाकारणं मान्य, पण तिथे हशा कशाला पिकवायचा? मागच्या सिनेमाचा अख्खा शेवट त्या एका क्षणावर टेकला होता.