एपी केमिस्ट्रीत ५ मिळालेत: कॉलेजात जनरल केमिस्ट्री घ्यावी की थेट ऑरगॅनिक?

एडिसनकरीण
लेकीला ११वीत दिलेल्या एपी केमिस्ट्रीत (इथे अमेरिकेत शाळेतच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) पाचपैकी ५ मिळाले होते. येत्या सप्टेंबरात ती आमच्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात जाते आहे. पुढे मेडिकलचा विचार आहे, पण सध्या नुसता विचारच. विद्यापीठ या ५ वर जनरल केमिस्ट्रीच्या (पहिल्या वर्षाच्या पायाभूत केमिस्ट्रीच्या) दोन्ही सेमिस्टरची क्रेडिट्स देतंय आणि ओरिएंटेशनला विषय नोंदवायचेत. पहिल्यापासून जनरल घेता येईल, ऑनर्स जनरल (त्याचाच जास्त खोलातला कोर्स) घेता येईल, नाहीतर क्रेडिट्स पदरात पाडून थेट ऑरगॅनिक (कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री). घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, मिळालेली क्रेडिट्स सोडणं हा शुद्ध वेडेपणा. मला वाटतं पाया पक्का झालेला बरा. इथे शिकलेल्या-शिकवणाऱ्यांनी सांगावं.

कोकमसरबत
नवरोबांशी शंभर टक्के सहमत. एपी म्हणजे शाळेची चाचणी परीक्षा नव्हे. सव्वातीन तासांचा पेपर, ६० बहुपर्यायी आणि ७ लेखी प्रश्न, आणि अभ्यासक्रम बेतलाय तोच मुळी कॉलेजच्या जनरल केमिस्ट्रीवर. तेच मोल, तेच टायट्रेशन, तोच समतोल पुन्हा गिरवायला फी भरायची? वर भल्या मोठ्या लेक्चर हॉलच्या मागच्या रांगेत फोन बघत बसायची सवय लागते ती वेगळीच. तो वेळ स्टॅटिस्टिक्सला द्या, नाहीतर एखाद्या भाषेला.

स्टेथोस्कोप
कडाडून असहमत. "मेडिकलचा विचार" हे शब्द आले की हिशेब बदलतो. बहुतेक मेडिकल स्कूलना वर्षभराची जनरल केमिस्ट्री लॅबसकट लागते, त्यावर ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री. एपीची क्रेडिट्स कित्येक ठिकाणी चालत नाहीत. काही ठिकाणी चालतात, पण त्याबदली वरच्या पातळीचे केमिस्ट्रीचे कोर्स दाखवावे लागतात. म्हणजे विद्यापीठानं दिलेलं क्रेडिट पुढच्या दारात चालेलच असं नाही.

दुसरं म्हणजे मेडिकलच्या अर्जात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा काढतात. पहिल्याच सेमिस्टरला ऑरगॅनिकमध्ये बी मायनस पडला तर तो अर्जाच्या दिवसापर्यंत पाठ सोडत नाही. धोरण भित्रं आहे, मान्य. पण हा खेळच भित्र्यांचा आहे.

कोकमसरबत
म्हणजे जे येतंय तेच परत शिकून ए कमवायचा! डॉक्टरसाहेब, याला शिक्षण म्हणत नाहीत.

स्टेथोस्कोप
नाहीच म्हणत. याला ॲडमिशन म्हणतात.

लिटमस
पुण्यात बीएस्सी करून आले, सध्या इथे पीएचडी करते आणि जनरल केमिस्ट्रीच्या लॅबला टीए (शिकवायला मदतनीस) असते. वर चाललेल्या भांडणात लॅबचा विषय कुणीच नीट काढला नाही, म्हणून लिहिते.

एपीच्या कोर्समध्ये किमान १६ प्रयोग अपेक्षित असतात. कागदावर. प्रत्यक्षात शाळेगणिक फरक. ५ वाली मुलं गणितं पटापट सोडवतात, पण ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा राहिलाय हे त्यांना दाखवून द्यावं लागतं. लॅबची वही पेन्सिलनं लिहितात, चुकलं की खोडतात. आपल्याकडे १२वीला सॉल्ट ॲनालिसिस करून करून निदान हात तरी बसलेला असतो. (वायव्हाला फुटलेला घाम हा बोनस.)

थिअरीतही खाचा आहेत. २०१३-१४ ला एपीचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा क्वांटम नंबर मांडायला लावणं गेलं. मॉलिक्युलर ऑर्बिटल थिअरीही जवळजवळ नाहीच. ऑरगॅनिकचे प्राध्यापक मात्र तुम्हाला ते माहीत आहे असं धरून चालतात.

माझं मत ऑनर्सला. आणि जनरल केमिस्ट्री सगळीकडे एकच असते असंही नाही. बर्कली विद्यापीठात केमिस्ट्री मुख्य विषय असणाऱ्यांना ४ए नावाचा कोर्स, इतरांना १ए. एमआयटी तर एपी केमिस्ट्रीचं क्रेडिटच देत नाही. तिथे त्यांची स्वतःची परीक्षा द्या, नाहीतर एक कोर्स करा. पण त्या कोर्सच्या पर्यायांत एक सॉलिड-स्टेट केमिस्ट्रीचाही आहे, स्फटिक आणि सेमीकंडक्टरवाला. तुमच्या विद्यापीठात ऑनर्समध्ये नेमकं काय शिकवतात ते सिलॅबस उघडून बघा. नुसत्या नावावर जाऊ नका.

उलटतपासणी
"आधी जनरल, मग ऑरगॅनिक" ही निव्वळ परंपरा आहे. मिशिगन विद्यापीठ १९८९ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना थेट ऑरगॅनिकपासून सुरुवात करू देतंय. पहिल्या सेमिस्टरच्या ऑरगॅनिकला जनरलमधलं लागतं काय? ल्युईस स्ट्रक्चर, इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी, पीकेए (आम्ल किती तीव्र त्याचा आकडा), थोडा समतोल, थोडी ऊर्जा. वायूंचे नियम आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ऑरगॅनिक जड जातं ते रेणू डोळ्यांपुढे फिरवता येत नाही म्हणून, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले याचे बाण काढता येत नाहीत म्हणून. ते जनरल केमिस्ट्री दहादा केली तरी येणार नाही.

२०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात ऑरगॅनिकच्या वर्गातल्या साधारण ३५० पैकी ८२ जणांनी कोर्स फार अवघड असल्याच्या तक्रारअर्जावर सह्या केल्या होत्या. ती मुलं जनरल केमिस्ट्री करूनच आली होती ना?

लिटमस
मिशिगनचं उदाहरण चांगलंय, पण अर्धंच सांगितलंत. तिथला कोर्स पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी म्हणून बांधलेला आहे आणि त्यात कोण बसणार हे प्लेसमेंट टेस्टवरून ठरतं. इतर बहुतेक ठिकाणी ऑरगॅनिकच्या वर्गात दुसऱ्या वर्षाची मुलं असतात, कॉलेजच्या दोन फायनल्स पचवलेली. ताईंच्या लेकीला केमिस्ट्रीपेक्षा तो फरक जास्त जाणवेल.

उलटतपासणी
हे मान्य. पण मग अडचण वर्गाची आहे, जनरल न केल्याची नाही.

बटाटेवडा_ऑस्टिन
अवांतर: मुलीला कुणी विचारलंय का? की चार काका-मावश्याच ठरवणार?

एडिसनकरीण
विचारलं हो. ती म्हणते, "आई, परीक्षा होऊन वर्ष उलटलं, मला काही आठवत नाही." मग डिपार्टमेंटच्या साइटवर जनरल केमिस्ट्रीच्या दुसऱ्या सेमिस्टरचा जुना फायनल पेपर मिळाला, तो काल घड्याळ लावून सोडवायला बसवली. बफरच्या दुसऱ्याच गणिताला अडली. जुनी वही काढल्यावर मात्र पुढचं सगळं धडाधड सोडवलं.

कोकमसरबत
म्हणजे येतंय की!

स्टेथोस्कोप
म्हणजे विसरलीय की!

लिटमस
ताई, लॅब हा वेगळा कोर्स आहे का तुमच्याकडे? असेल तर क्रेडिट घेऊनही लॅब तेवढी करता येईल. ॲडव्हायझरला हे आधी विचारा.

एडिसनकरीण
वेगळाच आहे, एक क्रेडिटचा. पण थिअरीशिवाय नुसती लॅब घेऊ देतात का ते सोमवारी फोन करून विचारते. तोवर ऑनर्समध्ये जागा उरल्यात का तेही बघून ठेवते. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.